एक्स्चेंज वर्षाची तयारी: सुरुवात परतीच्या वर्गापासून करावी

दहावी-अकरावीच्या वयातील मुलाला किंवा मुलीला एका शैक्षणिक वर्षासाठी परदेशातील शाळेत पाठवणारी मुंबईतील कुटुंबे बहुतेक सगळी कामे करतात, पण उलट्या क्रमाने. आधी बॅगांची खरेदी, मग व्हिसाची चिंता, मग कागदपत्रांसाठी धावपळ, आणि मूल परत आल्यावर ‘आता याला कोणत्या वर्गात बसवायचे’ हा प्रश्न. पुढील टप्पे तो क्रम सरळ करण्यासाठी दिले आहेत. येथे एक्स्चेंज म्हणजे संस्थेमार्फत, यजमान कुटुंबात राहून, तेथील नियमित शाळेत काढलेले एक सत्र किंवा वर्ष. पंधरा दिवसांची सहल किंवा फी भरून घेतलेला निवासी शाळेतील प्रवेश या लेखाच्या कक्षेत येत नाही.

टप्पा १: परत आल्यावर कोणता वर्ग, हे आधी ठरवावे

परदेशात काढलेले वर्ष आपल्याकडे आपोआप अकरावी म्हणून धरले जात नाही. राज्य मंडळाच्या बारावीसाठी अकरावी उत्तीर्ण असावी लागते, आणि सीबीएसईमध्ये नववी-दहावी व अकरावी-बारावी हे प्रत्येकी दोन वर्षांचे जोडअभ्यासक्रम आहेत. त्यामुळे नववी झाल्यावर किंवा अकरावी झाल्यावर मूल पाठवणे म्हणजे जोडी मधोमध तोडणे होय. सर्वांत कमी अडचणीची फट दहावीची परीक्षा आणि अकरावीचा प्रवेश यांच्या मध्ये आहे. दहावी पूर्ण करावी, एक वर्ष बाहेर काढावे आणि परतल्यावर एक वर्ष उशिरा अकरावीला बसावे. हे वर्ष ‘वाया गेले’ असे घरातील कोणाला वाटणार असेल, तर तो वाद अर्ज भरण्यापूर्वीच मिटवावा. विमानतळावर त्याला वेळ नसतो.

‘बारावीनंतर बघू’ हा विचारही तपासून घ्यावा. अमेरिकेच्या शालेय एक्स्चेंजमध्ये कार्यक्रम सुरू होताना वय १५ ते साडेअठरा वर्षे असणे, तसेच बालवाडी वगळून अकरा वर्षांपेक्षा अधिक शालेय शिक्षण झालेले नसणे, हे निकष पाहिले जातात. बारावी झालेल्या विद्यार्थ्यासाठी तो दरवाजा जवळजवळ बंद झालेला असतो.

अकरावीचे प्रवेश आता राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. दहावी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी जागा ‘धरून ठेवावी’ आणि मूल वर्षभर हजेरीपटावर दाखवावे, असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. हजेरीचे खोटे कागद पुढच्या प्रत्येक प्रवेशाला चिकटतात.

तपासणी: ज्या कनिष्ठ महाविद्यालयात परतल्यावर जायचे आहे तेथील प्राचार्यांना किंवा कार्यालयाला एक वर्षाच्या खंडानंतर प्रवेश मिळेल का आणि त्यासाठी कोणते कागद लागतील, हे लेखी विचारावे. उत्तर तोंडी मिळाले तर त्याच दिवशी ईमेलने ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ असे लिहून पाठवावे.

टप्पा २: संस्था निवडताना विचारायचे प्रश्न

मुंबईतून प्रामुख्याने दोन वाटा दिसतात. एक म्हणजे एएफएससारख्या विनिमय संस्था, आणि दुसरी रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम, ज्याचा मुंबईचा प्रांत ३१४१ हा आहे. रोटरीसाठी पालक स्वतः रोटरियन असण्याची गरज नसते, पण त्यात मूल साधारणपणे एकाहून अधिक यजमान कुटुंबांत राहते आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला तुमच्याही घरी ठेवण्याची अपेक्षा बरेचदा असते. दादर-परळच्या वन-बीएचकेमध्ये आजी-आजोबांसह राहणाऱ्या कुटुंबाने हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. अडचण सांगितल्याने कमीपणा येत नाही. ऐन वेळी नकार दिल्याने मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची गैरसोय होते.

पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. यजमान कुटुंबाची पार्श्वभूमी कोण तपासते? स्थानिक समन्वयक किती अंतरावर राहतो आणि मुलाशी किती वेळा बोलतो? कुटुंब बदलण्याची पद्धत काय? मूल मध्येच परतले तर किती रक्कम परत मिळते? अमेरिकेच्या नियमांत यजमान घरातील प्रौढ व्यक्तींची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे, समन्वयकाने दरमहा संपर्क ठेवणे आणि त्याने यजमान घरापासून १२० मैलांच्या आत असणे बंधनकारक आहे. तेथील यजमान कुटुंबाला त्यासाठी मोबदला दिला जात नाही, हे मुलाला आवर्जून सांगावे. घरात ‘पैसे भरले आहेत’ अशी भाषा असेल तर मूल पेइंग गेस्टसारखे वागू लागते.

सावधान: शहर, राज्य किंवा कुटुंब निवडून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एजंटाकडे संशयाने पाहावे. मूल बहुधा लहान गावात जाते, जेथे लोकल नाही, रिक्षा नाही आणि सायंकाळच्या सरावाहून घरी आणायला यजमानांची गाडीच लागते.

टप्पा ३: कागदपत्रे, आणि त्यातही आधी नाव

अर्ज साधारणपणे प्रस्थानाच्या वर्षभर आधी, म्हणजे मूल दहावीत असताना आणि सराव परीक्षांच्या तोंडावर भरावे लागतात. म्हणून कागदांचे काम नववीची परीक्षा संपताच हाती घ्यावे.

पहिला कागद जन्मदाखला. महापालिकेच्या अनेक जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते आणि नंतर कोणी वॉर्ड कार्यालयात गेलेले नसते. नाव घालण्यासाठी नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते आणि एक्स्चेंजचे वय नेमके तेथेच येऊन ठेपते. दाखला आजच काढून पाहावा.

दुसरा कागद पासपोर्ट. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असतो. सतराव्या वर्षी निघालेले मूल परदेशात असतानाच अठरा वर्षांचे होणार असेल, तर पासपोर्ट तेथेच संपू शकतो. १५ ते १८ या वयात पूर्ण दहा वर्षांच्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. तोच करावा. लोअर परळ, अंधेरी, मालाड किंवा ठाणे यांपैकी ज्या सेवा केंद्रात वेळ मिळेल तेथे आई-वडिलांच्या संमतीचे घोषणापत्र, म्हणजे अनेक्श्चर डी, न्यावे. एकच पालक सही करू शकत असेल तर अनेक्श्चर सी लागते.

तिसरी बाब नावाचा क्रम. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’मध्ये मुलाचे व वडिलांचे नाव एकत्र असते. परदेशी अर्ज भरताना गुणपत्रिका समोर ठेवली की आडनाव पहिल्या रकान्यात जाते आणि तीच चूक पुढे विमा, तिकीट, शाळेची नोंद अशी सगळीकडे वाहत जाते. नियम एकच: प्रत्येक अर्ज पासपोर्ट समोर ठेवून, त्यातील अक्षरांप्रमाणेच भरावा. आईच्या नावाचे स्पेलिंगही सर्व कागदांवर सारखे आहे का, ते याच वेळी पाहावे.

टप्पा ४: लसी आणि आरोग्याचा अहवाल

हा टप्पा लोक शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि येथेच वेळ कमी पडतो, कारण लसींमधील अंतर कोणालाही कमी करता येत नाही. एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवस लागतात. तेरा वर्षांवरील मुलांना कांजिण्यांच्या लसीच्या दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे लागतात. हिपॅटायटिस बीची मालिका मुळात सहा महिन्यांची असते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी दिली नाही, तर दोहोंमध्येही २८ दिवस सोडावे लागतात. मुलाचे लसीकरणाचे पिवळे पडलेले पुस्तक घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि प्रत्येक मात्रेची तारीख दिवस-महिना-वर्षासह इंग्रजीत लिहून घ्यावी. ‘सर्व लसी पूर्ण’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र तेथील शाळा स्वीकारत नाही. अमेरिकेत तर लागणाऱ्या लसींची यादी राज्यागणिक बदलते.

क्षयरोगाच्या चाचणीबाबत एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून ठेवावी. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस दिली जाते आणि त्यामुळे त्वचेवरील चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्तावरील इग्रा चाचणी अधिक योग्य मानली जाते. शाळेने चाचणी मागितली असेल तर कोणती चालते, ते आधी विचारावे.

सावधान: दमा, फिट्स, नैराश्य, ॲलर्जी, चालू औषधे यांपैकी काहीही लपवू नये. ‘लिहिले तर निवड होणार नाही’ या भीतीने लपवलेला आजार तेथे उघडा पडला की मूल परत पाठवले जाऊ शकते आणि विमाही हात वर करतो. दात आणि चष्मा बहुतेक विम्यांत नसतात, म्हणून दातांची कामे येथेच उरकावीत आणि दुसरा चष्मा बरोबर द्यावा. औषधांना मूळ वेष्टन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्याही तपासाव्यात, कारण १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली औषधे तेथे नेण्यास मनाई आहे.

टप्पा ५: यजमान कुटुंबाला लिहायचे पत्र

निवड समिती गुण पाहते, कुटुंब पत्र पाहते. आपली मुले या पत्रात स्पर्धा परीक्षेच्या अर्जासारखे लिहितात: ‘मी मेहनती, प्रामाणिक व ध्येयवादी आहे. मला दहावीत ९४ टक्के अपेक्षित आहेत.’ यातून कोणाच्याही डोळ्यांसमोर मूल उभे राहत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘रविवारी सकाळी मी बाबांबरोबर मासळी बाजारात जातो. मासे मला निवडता येतात, साफ करता येत नाहीत. रात्री अकरानंतर मी जागू शकत नाही. धाकट्या बहिणीशी माझे रिमोटवरून भांडण होते.’ हे वाचून एखाद्या घराला ठरवता येते की हे मूल आपल्याकडे रुळेल का.

छायाचित्रे स्टुडिओतील नकोत. स्वयंपाकघरात, गॅलरीत, मित्रांबरोबर मैदानात काढलेली द्यावीत. आहाराबद्दल फक्त ‘शाकाहारी’ लिहून थांबू नये. अंडे चालते का, त्याच भांड्यात शिजलेले चालते का, जिलेटिन चालते का, हे स्पष्ट करावे आणि काय खात नाही यापेक्षा काय आवडीने खातो याची यादी मोठी ठेवावी. एकादशी, चतुर्थीचे उपवास वर्षभर कसे करणार, हेही घरात ठरवून मगच लिहावे.

तपासणी: पत्र आईने किंवा क्लासच्या सरांनी सुधारले आहे का? असेल तर मुलाने ते पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिहावे. इंग्रजीतील छोट्या चुका चालतात, पण पुढे व्हिडिओ कॉलवर वेगळेच मूल दिसू नये.

टप्पा ६: व्हिसा

प्रत्येक देशाची पद्धत वेगळी असल्याने येथे अमेरिकेच्या जे-१, म्हणजे विनिमय कार्यक्रमाच्या व्हिसाचा क्रम दिला आहे. तेथील प्रायोजक संस्थेकडून डीएस-२०१९ हा कार्यक्रमासाठीच्या पात्रतेचा फॉर्म येतो. त्यावरील नाव, जन्मतारीख आणि कार्यक्रमाच्या तारखा त्याच दिवशी पासपोर्टशी ताडून पाहाव्यात. मग सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रणालीचे २२० डॉलर शुल्क प्रायोजकाने भरले आहे की आपण भरायचे आहे, ते विचारून पावती जपावी. त्यानंतर डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरावा, बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा घ्याव्यात, आणि मुलाखतीला बीकेसीतील वाणिज्य दूतावासात जावे. फोन आत नेता येत नाही, म्हणून तो बरोबर आलेल्या माणसाकडे ठेवावा. २०२५ पासून एफ, एम आणि जे या विद्यार्थी व विनिमय व्हिसाच्या वर्गांतील अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते. ती कोणती आहेत, याची यादी मुलाकडून शांतपणे काढून घ्यावी, कारण पालकांना माहीत नसलेले एखादे खाते असतेच.

मुलाखतीत उत्तरे मुलाने द्यायची असतात. पाठ केलेले भाषण नको. कोणत्या गावात, कोणत्या कुटुंबात, कोणत्या इयत्तेत जाणार आणि परतल्यावर काय करणार, एवढे त्याला न अडखळता सांगता यावे. टप्पा १ नीट झाला असेल तर शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयारच असते.

टप्पा ७: निघण्याआधीचे दोन महिने घरात

तिकडे कामवाल्या मावशी येत नाहीत. दहावीचा निकाल लागल्यापासून विमानात बसेपर्यंत मुलाने स्वतःचे कपडे मशीनला लावावेत, वाळवावेत, घडी घालावेत. स्वतःच्या गजराने उठावे, ताट-वाटी घासावी, टॉयलेट स्वच्छ करावे. दोन-तीन पदार्थ असे शिकावेत ज्यांचे सामान कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळते: मसूर डाळ-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. फोडणीबद्दल मात्र वेगळे सांगावे. कडकडीत तेलात मोहरी-मिरची पडली की धुराने छतावरचा अलार्म वाजतो. तेल मध्यम तापवणे, एक्झॉस्ट लावणे आणि आधी यजमानांना सांगणे, हा क्रम घरीच घोटून घ्यावा.

आंघोळीचा सरावही गंभीरपणे घ्यावा. अमेरिकेत आणि युरोपात न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा निचरा नसतो. पाणी बाहेर सांडले तर ते लाकडात आणि खालच्या छतात मुरते. पडदा टबाच्या आत सोडायचा, आंघोळ दहा मिनिटांत आटपायची, बाहेर पडण्यापूर्वी जमीन पुसायची. जपानी घरात याच्या उलट, आधी टबाबाहेर अंग स्वच्छ धुवायचे आणि मग टबात बसायचे. ते पाणी घरातील सर्वांसाठी असते, म्हणून ते सोडून द्यायचे नाही.

तिसरी तयारी बोलण्याची आहे आणि ती सर्वांत दुर्लक्षित राहते. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, अशी रीत आहे. तिकडे ‘नको’ म्हटले की वाटी उचलली जाते आणि मूल उपाशी झोपते. हवे असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, आवडेल’ म्हणायला शिकवावे. घरच्या माणसांचे आभार मानणे आपल्याला परके वाटते, पण तेथे रोजच्या जेवणाचे आणि गाडीतून सोडल्याचेही आभार न मानणारे मूल उद्धट ठरते.

टप्पा ८: बॅग

यजमानांसाठी भेट हलकी, न फुटणारी आणि वापरता येण्यासारखी असावी. पॉवर बँक हाताच्या बॅगेतच ठेवावी. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिले आहे ना, ते पाहावे. आपले २३० व्होल्टवर चालणारे हेअर ड्रायर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर नीट चालत नाहीत.

खाऊच्या बाबतीत आजीला दुखवावे लागले तरी चालेल. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे येथेच राहिले पाहिजेत. अमेरिकेत प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला सांगावा लागतो. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो, लपवलेल्यासाठी दंड होतो. सीलबंद मेतकूट आणि गोडा मसाला पुरेसा आहे. शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की नेऊच नये. शेंगदाण्याच्या तीव्र ॲलर्जीमुळे तेथील कित्येक शाळांत ते डब्यात आणायला बंदी असते आणि आपल्या कूट घातलेल्या भाजीचाही त्यात समावेश होतो.

तपासणी: पासपोर्ट, मूळ डीएस-२०१९, विम्याचे कार्ड, लसींची नोंद, यजमान आणि समन्वयक यांचे पत्ते, हे सर्व एका फाइलमध्ये आणि हाताच्या बॅगेत आहे ना? फॉरेक्स कार्डाचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? तो बाबांच्या फोनवर येत असेल, तर मूल दुकानात उभे असताना बाबा मुंबईत गाढ झोपेत असतील.

टप्पा ९: पहिले सहा आठवडे

पहिल्या रविवारी यजमानांबरोबर बसून नियम विचारून घ्यावेत आणि वहीत लिहावेत: वायफाय कितीपर्यंत, फ्रिजमधील काय न विचारता घ्यायचे, कपडे कधी धुवायचे, बाहेर जाताना कोणाला सांगायचे, त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची. ‘आंटी’ म्हणणे तेथे विचित्र वाटते. जर्मनीत कचऱ्याचे डबे कसे वेगळे आहेत आणि रविवारी आवाजाचे कोणते काम करायचे नाही, हेही यात येते.

घरी फोन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी करावा. ऑगस्टमध्ये निघालेल्या मुलाचे पहिले काही आठवडे आणि गणपती बहुधा एकत्रच येतात. मुंबईतील सायंकाळी आठची आरती न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळी साडेदहाला होते, म्हणजे मूल वर्गात असते. आरतीचा व्हिडिओ पाठवावा, थेट कॉल लावून सगळ्या चाळीला फोनवर आणू नये. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळे मागे जातात आणि फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो, हेही लक्षात ठेवावे.

सावधान: पालकांनी यजमान कुटुंबाला थेट तक्रारीचा फोन करू नये. क्रम असा: मूल आधी यजमानांशी बोलते, मग स्थानिक समन्वयकाशी, आणि त्यानंतर पालक भारतातील संस्थेशी बोलतात. कुटुंब बदलणे हे अपयश नाही, पण पहिल्या तीन आठवड्यांतील रडण्यावरून तो निर्णय घेऊ नये. छळ, मारहाण किंवा लैंगिक गैरवर्तन असेल तर हा क्रम लागू नाही. त्या क्षणी घराबाहेर पडावे, अमेरिकेत ९११ किंवा युरोपात ११२ लावावा आणि समन्वयकाला कळवावे. हे मुलाला निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत, न लाजता सांगितलेले असावे.

मद्य, अमली पदार्थ आणि गाडी चालवणे यांवरून मूल तडकाफडकी परत पाठवले जाते. रोटरीत प्रेमप्रकरणांवरही बंधन असते. जे-१ वर अमेरिकेबाहेर सहलीला जायचे असेल तर आधी डीएस-२०१९ वर प्रायोजकाची सही घ्यावी लागते.

टप्पा १०: परत निघण्यापूर्वीचा महिना

उन्हाळ्यात तेथील शाळेचे कार्यालय बंद असते आणि ईमेलला उत्तर येईपर्यंत आपल्याकडील प्रवेशाच्या फेऱ्या संपतात. म्हणून शाळा सुटण्याआधीच गुणांचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट शिक्क्यासह घ्यावे, शक्य तर एक प्रत बंद पाकिटात. हजेरीचे पत्र, घेतलेल्या विषयांची माहिती आणि तेथे दिलेल्या लसींची नोंदही घ्यावी. मोबाइलचा करार आणि बँक खाते मुलाने स्वतः बंद करावे, यजमानांवर सोडू नये.

मुंबईत परतल्यावर अकरावीच्या ऑनलाइन अर्जासाठी दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि गॅपचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. प्रतिज्ञापत्रात मूल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या शाळेत होते ते लिहावे आणि ट्रान्सक्रिप्टची प्रत जोडावी. या तारखा पासपोर्टवरील शिक्क्यांशी जुळल्या पाहिजेत. मुलाचे परतीचे तिकीट प्रवेशाची पहिली फेरी सुरू होण्याआधीचे असावे, कारण कागद तपासणीला त्याला स्वतः हजर राहावे लागू शकते.